रेघा नसलेला हात

या विश्वात आपण एकटेच आहोत की आणखी कुणी आहे, याचा निकाल मोठमोठ्या दुर्बिणी लावूनही अजून लागलेला नाही. आमच्या कुंभकोणमच्या घरमालक काकांनी मात्र तो कुंभकोणम स्टेशनच्या दोन नंबरच्या बुकिंग खिडकीत बसून कधीच लावून टाकला होता. त्यांच्या मते 'ते' आलेले आहेत, बरीच वर्षं येत आहेत, शिस्तीत रांगेत उभे राहतात आणि तिकीट काढून प्रवास करतात. टीव्हीवर परग्रहावरच्या लोकांचा सिनेमा लागला, की काका पाच मिनिटं बघायचे आणि संतापून उठायचे. "इतका उजेड, इतका आवाज! पाहायास आलेला मनुष्य दिवे लावून येतो काय? तो गपचूप येईल, आमच्यासारखी वेष्टी नेसेल, कोपऱ्यांत बसून अस्कं पाहील." वेष्टी म्हणजे धोतर, अस्कं म्हणजे सगळं. त्यांच्या मराठीत सगळं हे अस्कं असतं आणि चांगलं हे बेष असतं.

हे मराठी माझ्या कानावर पहिल्यांदा पडलं तेव्हा मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. मी सांगलीकडची. कावेरीच्या खोऱ्यातल्या भातशेतीची माती गोळा करून तपासायच्या एका प्रकल्पावर अडीच वर्षांसाठी कुंभकोणमला गेले होते. वरची खोली भाड्याने द्यायची असलेलं एक मराठी कुटुंब आहे असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, आणि मला वाटलं, चला, निदान घरी तरी जिभेला आराम मिळेल. दार उघडलं ते साठी उलटलेल्या, काठीसारख्या सडपातळ गृहस्थांनी. कपाळावर गंध, अंगात धुऊन धुऊन पारदर्शक झालेला बनियन, आणि मान कायमची थोडी पुढे झुकलेली. तेहतीस वर्षं खिडकीच्या भोकातून वाकून बघितल्यामुळे ती तशीच राहिली होती. माझं नाव त्यांनी विचारलं नाही. आधारकार्ड मी हातात धरून उभी होते, त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. म्हणाले, "हात दाखीव." मी गोंधळून उजवा हात पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझा तळवा उजेडाकडे वळवला आणि सुटकेचा निःश्वास सोडला. "रेघा आहेत. बेष. वर जाऊन खोली पाहा."

त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावर मुलखात आले ते परत गेलेच नाहीत. घराबाहेर ही मंडळी तमिळ बोलतात, घरात ते तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी. त्यामुळे पाण्याची मोटर बिघडली एवढं सांगायलाही काका एखाद्या बखरीतून बाहेर आल्यासारखे बोलायचे. उलट माझंच मराठी त्यांना संशयास्पद वाटायचं. आठवडाभर ऐकून घेतल्यावर त्यांनी बायकोला, म्हणजे काकींना, हळूच विचारलं होतं, "ही मुलगी भाषा कोठेतरी दूर बसून शिकली आहे, असें नाही वाटत तुला?" काकींनी ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "घाबरूं नकों ग. ते मजवरही आठ वर्षें लक्ष ठेवून होते."

काका लोकांचे हात बघतात ही बातमी त्या गल्लीत आणि गल्लीबाहेरही पसरलेली होती. साहजिकच लोकांनी त्यांना ज्योतिषी करून टाकलं होतं. मुलीचं लग्न जमत नाही, व्हिसा मिळत नाही, गुडघा दुखतो, असे सगळे जण ओट्यावर येऊन हात पसरून बसायचे. काकांना भविष्य, लग्नरेषा, आयुष्यरेषा यातलं काहीही कळत नव्हतं आणि तसं ते प्रामाणिकपणे सांगायचेही. पण लोक ऐकत नव्हते. काका प्रत्येक हात घ्यायचे, वाकून बघायचे, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद यायचा की समोरच्याला आपलं भलं होणार याची खात्रीच पटायची. "आहेत, आहेत. भरपूर आहेत," एवढंच ते म्हणायचे. पापनाशमहून आलेल्या एका बाईंनी त्याचा अर्थ मुलं असा घेतला आणि पुढच्या वर्षी जुळ्यांना घेऊन पाया पडायला आल्या. काकांनी त्या दोन इवल्याशा मुठी मोठ्या कष्टाने उघडल्या, आत बघितलं, आणि "यांसही आहेत" म्हणून परत मिटून ठेवल्या.

हे सगळं कशासाठी, ते मला कळायला पहिला पावसाळा गेला. एका दुपारी ओट्यावर मी मातीच्या पिशव्यांवर नंबर घालत बसले होते. गल्ली जेवून झोपलेली. काका आरामखुर्चीत होते. ते अचानक बोलायला लागले, तेही माझ्याकडे न बघता.

खिडकीच्या भोकातून त्यांना माणूस कधी दिसला नव्हता. वरच्या काचेवर सूचना डकवलेल्या असायच्या. त्यामुळे दिसायचा तो हात. बांगड्या भरलेले, चुन्याने माखलेले, थरथरणारे, घामेजलेले, असे लाखो हात. माणसं हाताने ओळखायची त्यांना सवय झाली. आणि एका वर्षी आडी या तमिळ महिन्यातल्या, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणातल्या, तिसऱ्या मंगळवारी त्या भोकातून एक उजवा हात आत आला. बाहेरून आवाज आला, "सुंदरपेरुमाळ कोयिल, एक." हे तंजावरच्या रस्त्यावरचं दोन-तीन स्टेशनांपलीकडचं छोटं गाव. तिकीट ठेवायला हात उघडला, आणि काकांनी बघितलं, की त्या तळव्यावर रेघा नाहीत. एकही नाही. ताटावर पसरलेल्या तांदळाच्या उकडीसारखा सपाट, गोरा तळवा. काका चमकून उठले, दार उघडून बाहेर धावले. रांगेत एक म्हातारी होती, दोन विद्यार्थी होते, आणि सगळ्यांच्या हातांना रेघा होत्या.

"पुढल्या वर्षी?" मी विचारलं.

"पुढल्या वर्षीं तोच दिवस. तोच आवाज. सुंदरपेरुमाळ कोयिल, एक. जाण्याचें. परतीचें कधीं नाही."

सव्वीस वर्षं तो हात येत राहिला. काकांचे केस पिकले, हाताला सुरकुत्या आल्या, तिकिटं पुठ्ठ्याची होती ती कागदाची झाली, कागदाची होती ती यंत्रातून यायला लागली. तो हात मात्र तसाच राहिला. "म्हातारा झाला नाही तो," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. माझ्या हातातला पेन थांबला होता. 

निवृत्त झाल्यावरही दरवर्षी त्या मंगळवारी ते स्टेशनवर जाऊन तिकिटांच्या रांगेपाशी उभे राहायचे. पण आता लोक मोबाइलवरच तिकीट काढतात. हात कुठे दिसणार? मोबाइलचं तिकीट ही खास 'त्यांनी'च काढलेली युक्ती आहे, असं काकांचं मत होतं. म्हणून मग बाकीचे सगळे दिवस गावातले मिळतील तेवढे हात बघणं. "एकदा तिकडेच जाऊन का बघत नाही?" मी म्हटलं, "सुंदरपेरुमाळ कोयिलला?" काका म्हणाले, "मज भय वाटतें."

हाताशिवाय त्यांच्या आणखीही परीक्षा होत्या. ते कुणाच्याही समोर मोठी जांभई द्यायचे आणि समोरच्याला येते का ते बघायचे. त्यामुळे अनोळखी लोकांचा असा समज व्हायचा, की हे गृहस्थ आपल्या बोलण्याला कंटाळले. केळीचं पान मी उलटं मांडून घेतलं, निमुळता भाग उजवीकडे, तर त्यांनी खिशातली डायरी काढून काहीतरी लिहिलं. त्यांची सर्वांत आवडती परीक्षा ताटाची. एका लग्नात मी ती बघितली. तीनशे माणसं पंगतीत बसलेली, आणि काकांनी हातातलं स्टीलचं मोठं ताट मुद्दाम फरशीवर सोडलं. काय तो आवाज! सगळ्या माना ताटाकडे वळल्या. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताट पडलें तर मनुष्य ताटाकडे पाहतो. पाहायास आलेला असतो तो मनुष्यांकडे पाहतो." मग माझ्याकडे वळून, "तू कोठें पाहिलेंस?"

मी माणसांकडे बघितलं होतं. ताट तेच टाकणार हे मला माहीत होतं, म्हणून लोकांची तोंडं कशी होतात ती बघत होते. पण हे कारण सांगता सांगता मला ते खोटं वाटायला लागलं. त्या रात्रीच्या डायरीत माझ्याविषयी काय लिहिलं गेलं कुणास ठाऊक. एकदा मात्र मी ती डायरी उघडी पडलेली वाचली. "वरची मुलगी दुपारीं तीन वाजतां खिडकींत उभी राहते. ओठ हलतात. आवाज येत नाही." मी त्या वेळी नमुन्यांचे नंबर मोजत असते. पण ते वाचल्यापासून तीन वाजता खिडकीत उभं राहायला मला नको वाटायला लागलं, आणि उभी राहिले की आपल्याला ओठ हलवावे लागतात की ते आपोआप हलतात, याचाच विचार यायचा. एका दुपारी शेतावरून आले, हात धुतले आणि सहज तळव्याकडे बघितलं, तर तो सपाट.  कावेरीच्या गाळाचा बारीक थर वाळून बसला होता, एवढंच. पण तो मी दोनदा घासून काढला, आणि खाली अंगणात आरामखुर्ची करकरली तेव्हा मी खिडकी लावून घेतली.

याचा सोक्षमोक्ष लावायचा असं मी ठरवलं, आणि तशी संधी नाचियारकोविलला मिळाली. तिथे पितळी समया करतात. माती घ्यायला गेले होते, तर एका कारखान्यात डोकावले. पन्नास वर्षं समया घासून चकचकीत करणारा एक कारागीर होता. त्याने मला पाणी दिलं आणि मी त्याचा तळवा बघितला. गुळगुळीत! रेघा झिजून गेलेल्या. मी आनंदाने जवळजवळ उडी मारली. त्याच्या परवानगीने हाताचा फोटो काढला, बसने घरी आले आणि काकांसमोर मोबाइल धरला. "हे बघा तुमचं कोडं. नाचियारकोविलचा कुणी कारागीर असणार. वर्षातून एकदा सुंदरपेरुमाळ कोयिलला देवाला जात असेल, झालं."

काकांनी फोटो बघितला. मोबाइल हलकेच माझ्या हातात परत दिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओट्यावर हात दाखवायला आलेल्यांना त्यांनी परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होते, तर ते खाली उभे होते. "पितळ घासणाऱ्याचा हात झिजतो, खरें," ते म्हणाले. "पण तो हात म्हातारा होतो, पोरी." त्यांच्या आवाजात विनवणी होती. मला स्वतःचा राग आला. मी म्हटलं, "हो काका. तो म्हातारा होतो." तेवढ्यावर ते जेवले.

पण शंका शिरली होती, आणि शंका आली की माणूस घाई करतो. पूर्वी ते हात मागून बघायचे, आता धरून बघायला लागले. एका सकाळी बसस्टँडवर त्यांनी बसमध्ये चढणाऱ्या एका माणसाचं मनगट मागून पकडलं. त्याला वाटलं, चोर. गर्दी जमली. ओळखीचा एक पोलीस होता म्हणून काका घरी तरी आले. सदरा फाटलेला, चष्म्याची एक काच गेलेली, ओठाला रक्त. काकींनी हळद लावली. संध्याकाळी चेन्नईहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला. मुलगा चांगला होता, काळजीनेच बोलत होता. पुन्हा असं झालं तर मी येऊन दोघांना इकडे घेऊन जाणार, घराला कुलूप लावणार, आणि काकांना डॉक्टरला दाखवणार, असं त्याने सांगितलं.

काकी वर माझ्या खोलीत आल्या. इतक्या दिवसांत त्या वर आल्याची ती पहिलीच वेळ. माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "चेन्नईंत आठव्या मजल्यावर ते जगणार नाहीत ग. तुझें ऐकतात ते. काहीं कर. एकदा तें संपीव."

आडीचा तिसरा मंगळवार नऊ दिवसांवर होता. मी काकांना म्हटलं, "आपण जाऊ. मी येते बरोबर. तिथे कुणी नसलं तर हे हात बघणं कायमचं बंद करायचं. कबूल?" ते ओट्याची कड धरून उभे राहिले. "आणि असला तर?" त्यांनी विचारलं. 

दुपारच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. काकांनी कोरी वेष्टी, इस्त्रीचा सदरा घातला होता, नवा चष्मा लावला होता. काकींनी डब्यात दहीभात दिला होता. गाडीच्या डब्यात पाच-सहा माणसं. मी त्यातल्या प्रत्येकाचे हात बघून घेतले, काकांनी एकाचाही बघितला नाही. सुंदरपेरुमाळ कोयिलला आम्ही दोघंच उतरलो असं मला वाटलं. गाडी हलली, शेवटचा डबा पुढे गेला, आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा होता.

चाळिशीचा असेल. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, वेष्टी, हातात कापडी पिशवी. असे हजार लोक मी त्या मुलखात बघितले होते. आडीचा वारा सुटला होता, नुकतीच लावणी झालेली शेतं पाण्याने चमकत होती, बांधावर बगळे बसलेले. तो सावकाश चालत आला आणि आमच्याच बाकाच्या पलीकडच्या टोकाला बसला.  मी काकांच्या मनगटावर हात ठेवला.

 मग शेताकडे बघतच त्या माणसाने विचारलं, "दोन नंबरला आता कोण असतं?"

 मी म्हटलं, "पूर्वी हे असायचे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "हे वाकून बघायचे. दुसरं कुणी वाकत नाही."

मला वाटलं, आता काका हात मागणार. खिडकीतली सव्वीस अधिक निवृत्तीनंतरची सात वर्षं ज्यासाठी घालवली ते समोर हातभर अंतरावर होतं. पण त्यांनी हात मागितला नाही. कुठून आलात, कसे आलात, हेही विचारलं नाही. ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "इतकीं वर्षें पाहिलें. आमच्यांत काय दिसलें?"

त्या माणसाने खरोखरच विचार केला. घाईत काहीतरी सांगून टाकावं असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. "फार काही नाही," तो म्हणाला. "गर्दी असते. प्रत्येकाला पुढची गाडी हवी असते. पण पहिल्या वर्षी, एका मंगळवारी, हे तिकीट देताना प्रत्येक माणसाला 'जतन जा' म्हणत होते. सगळे तमिळ लोक. 'जपून जा' हा त्याचा अर्थ कुणाला कळत नव्हता, कुणी लक्षही दिलं नाही. यांचंही लक्ष नव्हतं, असं मला वाटतं. सकाळपासून खिडकी बंद होईपर्यंत, एकालाही न सोडता. मी दुसऱ्यांदा रांगेत जाऊन उभा राहिलो, तर मलाही पुन्हा म्हणाले." त्याने पिशवी मांडीवर घेतली. "तेवढं मी कळवलं."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्यांच्याकडे वळले, पाठीवरून हात फिरवला, पाण्याची बाटली शोधली. तो माणूस उठला. त्याने दोन्ही हात जोडून नमस्कार केला, तळवा तळव्याला मिटलेला, आणि पिशवी काखेत धरून फलाट उतरून बांधावरून चालायला लागला. त्या बांधावर पंधरा-वीस बगळे होते. मी अडीच वर्षं असल्या बांधांवरून फिरले आहे. माणूस वीस पावलांवर आला की बगळे उडतात, कितीही हळू चाला. तो त्यांच्या मधून गेला. एकही उडाला नाही. एकाने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"काका, हात," मी म्हटलं. "हात बघायचा राहिला."

"राहूं दे," काका म्हणाले.

परतीच्या गाडीत मी स्वतःला पुष्कळ समजावलं. कुणी नेहमीचा प्रवासी असेल, चांगल्या स्मरणशक्तीचा, थोडा विक्षिप्त. काकांनाही असं एखादं माणूस भेटायला काय हरकत आहे? फक्त एका गोष्टीचा मेळ मला घालता आला नाही. मी काकांना विचारलं, "तो आपल्याशी मराठीत कसा काय बोलला?" काका म्हणाले, "मराठी? तो अस्कं तमिळच बोलला." तेव्हा माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं होतं. मला मात्र त्याचं प्रत्येक वाक्य कळलं होतं.

घरी आल्यावर काका सरळ आत जाऊन झोपले. काकींना मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. 'जतन जा' हे शब्द ऐकले आणि त्या खालीच बसल्या. मग त्यांनी मला सांगितलं ते असं. त्यांना एक मुलगी होती. सात वर्षांची होऊन तापाने गेली. तिला रोज शाळेत सोडताना काका कोपऱ्यापर्यंत जायचे आणि 'जतन जा' म्हणून परत फिरायचे. ती गेल्यावर पाचव्या दिवशी ते कामावर रुजू झाले. तो आडीतला तिसरा मंगळवार होता. ऑफिसात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. संध्याकाळी घरी आले ते डायरी घेऊन, आणि त्या दिवसापासून लिहायला लागले. तिचं नाव मात्र त्यानंतर त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. "मज वाटलें, ते विसरले," काकी म्हणाल्या. "त्यांस वाटलें असेल, मी विसरलें."

त्यानंतर काका बरे झाले. म्हणजे पुतण्याला हवे होते तसे झाले. ओट्यावर हात पसरून बसणाऱ्यांना ते नम्रपणे सांगायचे, "मज कळत नाही," आणि या वेळी लोकांनी ते खरं मानलं. जांभया बंद झाल्या. लग्नात ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचे. मोटर, डास, वीज जाणं, शेजाऱ्याच्या नारळाची झावळी आपल्या पत्र्यावर पडणं, असल्या साध्या तक्रारी करायला लागले. मीच हे सगळं घडवून आणलं होतं, आणि खरं सांगते, मला ते सोसत नव्हतं. सकाळी जिना उतरताना कुणीतरी आपल्याकडे बारीक नजरेने बघतंय, आपण कसे चालतो, कसे शिंकतो, हे कुणाला तरी लिहून ठेवण्यासारखं वाटतंय, याची सवय झाली होती. आता मी तीन वाजता खिडकीत उभी राहिले काय, न राहिले काय.

एक नवीन गोष्ट मात्र सुरू झाली. संध्याकाळी दिवेलागणीला दोघं ओट्यावर बसायची आणि त्या मुलीविषयी बोलायची. आधी अडखळत, दोन-दोन शब्द. मग वाक्यं. मग एकमेकांना तोडून. ती काय खायची, काय थुंकायची, 'ळ' म्हणता येत नव्हता तेव्हा काय म्हणायची. मी वर पंखा बंद करून ऐकायची. घाम निथळायचा, पण पंख्याच्या घरघरीत ते जुनं मराठी निसटून जायचं. कधी कधी दोघं हसायची, आणि इतकी वर्षं न वापरल्यामुळे ते हसू गंजलेल्या बिजागरीसारखं वाजायचं.

माझं काम संपलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी खाली जोरात भांडण चाललं होतं. गावातल्या देवळात तेव्हा हत्तीण होती, तिला ती मुलगी घाबरायची असं काकींचं म्हणणं, मुळीच नाही, तिला फार आवडायची असं काकांचं. कुणी माघार घेईना. शेवटी काकांनी मला हाक मारली. मी खाली गेले. दोघांनी माझ्यासाठी मध्ये जागा केली.

"तू सांग," काका म्हणाले. "भीत होती कीं नव्हती?"

मी त्या मुलीला कधी बघितलं नव्हतं. तिचा एक फोटो तेवढा महिन्यापूर्वी भिंतीवर लागला होता. पण दोघं अशी माझ्याकडे बघत होती, की मला माहीत नाही असं म्हणायला जीभ वळेना. मी डोळे मिटून जरा वेळ बसले.

"भीत होती," मी म्हटलं. "पण रोज जायचं म्हणायची. तुमच्या पाठीमागे लपून बघायची."

काकींनी काकांकडे बघितलं. काकांनी काकींकडे. "होय," काकी म्हणाल्या. "तसेंच." काकांनी मान हलवली, आणि पलीकडे सरकून माझ्यासाठी आणखी थोडी जागा केली.